एक नंबर बॅट

चिकलठाण्यात जालना रोड सोडून टायरवाल्याच्या मागे वळलं, की एक पत्र्याची शेड लागायची. आता तिथे गाड्या धुतात. शेडवर पाटी नव्हती, कारण बद्रीनाथला पाटीची गरज कधी वाटलीच नाही. बॅट एकदा माणसाच्या हातात गेली की पुढच्या वेळी तो आपणहून पत्ता विचारत येतो, असं त्याचं ठाम मत होतं. बरीच वर्षं ते खरंही होतं. पुढे ज्या गोष्टीने त्याचा धंदा बसला ती इतकी फालतू आहे, की सांगताना अजून हसू येतं, आणि हसू आल्याचा राग येतो.

बद्रीनाथ कन्नड तालुक्यातला, घाटाच्या अलीकडच्या एका गावचा. घरची शेती भाऊ पाहायचा. याला लाकडाचा नाद, आणि क्रिकेटचा त्याहून जास्त. खेळाडू म्हणून तो अगदीच सुमार. अकरावा गडी कमी पडला तरच त्याला आत घेत, आणि तेही जिथे चेंडू येणार नाही अशा जागी उभं करत. पण कोणाची बॅट चिरली, कोणाची मूठ हलायला लागली, की सगळे त्याच्या दारात. शिकवायला कोणी नव्हतं. तुटक्या बॅटी उघडून बघत बघत तो शिकला. शहरात आला तो फर्निचरच्या कारखान्यात कामाला. तिथे पलंग आणि कपाटं करून जीव विटला, तेव्हा त्याने ही शेड भाड्याने घेतली आणि बॅटी करायला बसला. सासरच्या लोकांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

विलो लाकडाच्या फळ्या काश्मीरहून यायच्या. फळी आली की तो आधी ती कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवायचा. मग रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर. घाई म्हणून नाही. बॅट पुरी झाली की लाकडी मोगरीने तिला ठोकत तासन्‌तास बसायचा. शेवटी डाग. लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी अक्षरं तो शेगडीत लाल करायचा आणि बॅटच्या खांद्यावर टेकवायचा. लाकूड चरचरायचं, थोडा धूर यायचा आणि 'बद्री' एवढंच उमटायचं. गावाकडे बैलाला डाग देतात त्यावरून त्याला हे सुचलं होतं. बाकीच्यांच्या बॅटीवर स्टिकर असतात, स्टिकर निघतो, डाग निघत नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. ऐकणारे कंटाळले, पण सांगणारा कधी कंटाळला नाही. त्याला आयुष्यात दुसरं काही मिरवायचं नव्हतं. बॅट करून पोट भरावं आणि त्या बॅटवर आपलं नाव असावं, एवढीच त्याची हौस.

मग पोरं मोबाइल काढायला लागली.

सिडकोतली दोन पोरं एकदा शेडमध्ये आली. एकाने बॅट हातात घेतली, हवेत दोन फटके मारले, आणि त्याचा चेहराच बदलला. "भारी आहे यार," तो म्हणाला. दुसऱ्याने तोवर खिशातून मोबाइल काढून खांद्यावरचं नाव टाइप केलं होतं. "इथं तर काहीच दाखवत नाही." मग दोघेही त्या बॅटकडे जरा संशयाने बघायला लागले. हातात धरलेली बॅट मोबाइलमध्ये नाही म्हणून ती खाली ठेवून पोरं निघून गेली. बद्रीनाथ दारापर्यंत त्यांच्या मागे गेला.

असं वारंवार व्हायला लागलं तेव्हा त्याच्या बायकोचा, द्वारकाचा धाकटा भाऊ काकासाहेब घरी येऊन बसला. वाळूजला त्याचा लाकडी पेट्यांचा ठेका होता. कंपन्यांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून बाहेर जातात, ती खोकी त्याच्या यार्डात ठोकली जायची.

"दाजी, तुमी खोकी करा ना आमच्याकडं. लाकूडच हाये ते बी. बस न्यायला येती, बस आणून सोडती."

"खोक्याला रंधा लागतो का रे?" बद्रीनाथने विचारलं.

"रंधा कशाला लागंल? खिळे ठोकायचे."

"मंग ते सुताराचं काम नाय."

काकासाहेब बहिणीकडे बघून हसला. द्वारका हसली नाही. ती भांडखोर बाई नव्हती, थकलेली होती. भाऊ गेल्यावर भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "दिवाळीपतोर बघा. जमलं तर जमलं. नाय तर माझ्या भावाचं ऐका. म्या कवा काय मागितलं नाय तुमाला." हे खरं होतं, आणि बद्रीनाथला ते माहीत होतं.

यातून वाट काढली ती प्रमोदिनीताईंनी. शेजारच्या कॉलनीत त्यांचं घर. त्यांच्या झोपाळ्याची कडी बसवायला बद्रीनाथ गेला होता. बाईंना बोलायची आवड, आणि बायकांनी केलेले मसाले-पापड मोबाइलवरून विकून द्यायचा त्यांचा उद्योग. बद्रीनाथचं रडगाणं ऐकून त्या दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये आल्या. बॅटींचे फोटो काढले, आडवे, उभे, एक डागाचा अगदी जवळून. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात त्याच्या नावाचं खातं उघडून दिलं. पार्सल कसं करायचं, चिठ्ठी कुठे चिकटवायची, सगळं दाखवलं.

"बद्रीभाऊ, बॅट चांगली आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण पुण्यातल्या माणसाला ते कोण सांगणार? ज्यांनी घेतली तेच सांगणार. म्हणून ज्याला बॅट पोचेल त्याला फोन करा. रिव्ह्यू द्या म्हणावं. स्टार द्या म्हणावं. बाकी सगळं त्याच्यावर आहे."

किती स्टार, ते त्यांनी सांगितलं नाही. कोण सांगतं? पाणी वरून खाली वाहतं हे कोणी कोणाला सांगतं का? आणि त्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला गेल्या.

बद्रीनाथने जीव तोडून फोन केले. पहिला फोन पैठणच्या एका पोराला. 'रिव्ह्यू' हा शब्द काही केल्या त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने आपल्या पद्धतीने विचारलं, "भाऊ, बॅट पोचली का? कशी हाये?"

"एक नंबर हाये, काका," पोरगा म्हणाला.

"मंग तेच मोबाइलवर टाका ना. एक नंबर द्या."

पोराने दिला. लिहिलं, 'एक नंबर बॅट.' आणि शेजारी एक सोनेरी चांदणी चमकली. तिच्यापुढे चार रिकाम्या.

बद्रीनाथने ती चांदणी द्वारकाला दाखवली, टायरवाल्याला दाखवली. चार रिकाम्या का, असा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. पण त्याचं उत्तरही त्याच्याकडे तयार होतं. शाळेत पहिला नंबर असतो, दुसरा असतो, पाचवाही असतो. पहिल्या नंबरावर खूण आहे आणि बाकीचे कोरे आहेत, म्हणजे आपला पहिला आला. या विचारात चूक दाखवणं सोपं नाही. आमच्याकडे भाजी एक नंबर असते, जावई एक नंबर असतो, रस्ता चुकून चांगला झाला तर तोही एक नंबर. पाच नंबर असं आजवर कोणी कशाला म्हटलं आहे?

मग तो प्रत्येकाला तेच सांगत गेला, "आवडली असंल तर एक नंबर द्या, भाऊ." माणसं गंगापूरची, अंबडची, बीडची. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी कशाला स्टार दिला नव्हता. एवढ्या आर्जवाने मागणारा दुकानदार त्यांनी पाहिला नव्हता, आणि बॅट खरंच आवडली होती. त्यांनी मनापासून एक नंबर दिला. ज्यांना खटकलं, त्यांनीही विक्रेत्याला काहीतरी हिशेब असेल म्हणून दिला.

जालन्याच्या तात्यासाहेबांनी मात्र आपल्या मनाने पाच दिले. रिटायर झालेले गृहस्थ, नातवासाठी त्यांनी बॅट घेतली होती. बद्रीनाथने त्या पाच चांदण्या पुन्हा पुन्हा मोजल्या. दिवसभर त्याचा हात कामाला लागेना. शेवटी धीर करून त्याने फोन लावला.

"साहेब, काय कमी पडलं का बॅटमदी?"

"नाही हो. उत्तम बॅट आहे. नातू हातातून खाली ठेवत नाही."

"मंग पाच का दिला?"

तात्यासाहेब गोंधळले. "का? मग किती द्यायला पाहिजे होता?"

"एक द्या ना, साहेब. मूठ बदलून पाहिजे असंल तर बदलून देतो. पण एक द्या."

"तुम्ही म्हणता तर देतो बाबा. तुमचा धंदा, तुम्हाला ठाऊक." आणि त्या सज्जन माणसाने चष्मा लावून, नातवाला विचारत विचारत, पाचाचा एक करून दिला. बद्रीनाथने त्यांचे आभार मानले आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

सुरुवातीच्या पार्सलांनंतर मागणी आटली. पाऊस उघडत नाही, मैदानं ओली आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत, अशी कारणं तो स्वतःला देत राहिला. ज्याने घेतली त्या प्रत्येकाने पहिला नंबर दिलेली बॅट लोक का घेत नाहीत हे त्याला समजेना. द्वारका रोज संध्याकाळी विचारायची, "आलं का काय मोबाइलवर?" मग तिने विचारणं सोडून दिलं.

आता एकच आशा उरली होती, ती म्हणजे सांडू.

सांडू त्याच्याच गावचा. वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर, शिफ्टच्या बसने ये-जा. सुट्टी मिळाली की टेनिस बॉलच्या स्पर्धा. पण मैदानात उतरला की तो सांडू राहायचा नाही. सामने मोबाइलवर थेट दाखवतात, हजारो लोक बघतात, आणि माईकवरच्या माणसाने त्याचं 'सँडी' करून टाकलं होतं. पार सोलापूर, नगरपर्यंत पोरं सँडीचे फटके पुन्हा पुन्हा बघत. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बद्रीनाथचीच बॅट वापरत आला होता. बॅट जुनी झाली की शेडमध्ये यायचा, पायरीवर बसून नवी होईपर्यंत गप्पा मारायचा. त्याचा हात, त्याचं मनगट, चेंडू कुठे बसतो, सगळं बद्रीनाथला पाठ होतं.

"सांडू," बद्रीनाथने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं, "फायनलला बक्षीस घेताना बॅटचं नाव घेशील का? माईकवर?"

"मामा, हे काय इचारणं झालं?" सांडू म्हणाला. "तुमी आजपतोर कवा म्हणलाच नाय म्हून. नाय तर मंग म्या दरवेळी घेतलं असतं."

फायनल कन्नडला होती, दसऱ्यानंतरच्या रविवारी. बद्रीनाथ सकाळच्या एसटीने गेला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. द्वारकाने डबा बांधून दिला होता आणि निघताना, खूप दिवसांनी, "नीट बघा, मला सांगा घरी आल्यावर," असं म्हणाली होती.

मैदान फुलून गेलं होतं. मंडपात पुढच्या खुर्चीवर बाहेरून आलेला एक माणूस बसला होता. खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या कंपनीचा. सामन्याआधी त्याने सांडूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आज माईकवर आमच्या बॅटचं नाव घे, वर्षाचा करार करू, गावोगाव खेळायला पाठवू. कंपनीतलं कंत्राट दर सहा-सात महिन्यांनी तुटणाऱ्या पोराला ही गोष्ट काय वाटली असेल ते वेगळं सांगायला नको. सांडूने बद्रीनाथला यातलं काही सांगितलं नाही.

सांडू खेळला, तसा तो पुन्हा कधी खेळला नाही. चेंडू झाडांवरून, मंडपावरून, साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीत. प्रत्येक फटक्याला बॅटचा जो आवाज यायचा तो बद्रीनाथ डोळे मिटून ऐकत होता. आपण अकरावा गडी होतो, आणि आज इतकी माणसं आपल्या लाकडावर ओरडताहेत, असं त्याच्या मनात आलं.

बक्षीस घेताना माईकवाल्याने विचारलंच. "सँडीभाई, एवढे लांब सिक्स! बॅट कोणती?"

सांडूने मंडपातल्या त्या माणसाकडे पाहिलं. मग बॅट वर धरली. "ही बद्री बॅट. चिकलठाण्याला आमचे मामा करतात, हातानं. म्या लहानपणापासून हीच खेळतो. एक नंबर बॅट हाये."

मैदानातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत मोबाइल काढले. घरोघर बघणाऱ्यांनीही काढले असणार. बद्रीनाथच्या पुढे चार-पाच पोरं दोरीला टेकून उभी होती. एकाने नाव टाकलं आणि तो खो-खो हसायला लागला.

"अबे, एक स्टार! सगळ्यांनी एक स्टार दिलाय."

"सँडीनं पैसे खाल्ले दिसतंय."

बद्रीनाथला शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही. पहिलं आलं. तो पुढे झाला, आणि त्याला राहवेना म्हणून त्याने अभिमानाने सांगितलं, "व्हय, सगळ्यांनी एकच दिलाय. एकानं पाच दिला होता, त्येला बी फोन करून एक करायला लावला म्या."

पोरं त्याच्याकडे बघत राहिली. त्यातल्या एकाला काय वाटलं कोण जाणे, त्याने हसणं थांबवलं. मोबाइल पुढे धरून तो हळू म्हणाला, "काका, एक म्हंजे सगळ्यात रद्दी. पाच म्हंजे चांगलं. असं असतंय ते."

बद्रीनाथने मोबाइलकडे पाहिलं. एक सोनेरी, चार रिकाम्या. डब्याची पिशवी हातात होती, ती त्याने उगीच दुसऱ्या हातात घेतली. तिकडे सांडूला खांद्यावर घेऊन लोक नाचत होते.

पोरांनी मग गंमत म्हणून आपापल्या मोबाइलवरून एकेक स्टार दिला. ज्यांनी ती बॅट कधी हातात धरली नव्हती अशा शेकडो लोकांनी त्या संध्याकाळपर्यंत दिला. 'फसवणूक', 'सँडी विकला गेला', 'चुलीत घाला' असं लिहून दिला. गंगापूरच्या, बीडच्या माणसांनी प्रेमाने दिलेला एक आणि या टवाळांनी दिलेला एक, दोन्ही अगदी सारखे दिसत होते. त्यातून आता कोणी काय निवडणार?

द्वारका दारातच उभी होती. "घेतलं का नाव?" तिने विचारलं. बद्रीनाथ म्हणाला, "घेतलं." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. डबा तसाच भरलेला परत आला होता, त्यावरून तिला जे समजायचं ते समजलं.

प्रमोदिनीताई पुण्याहून आल्या त्या तडक शेडमध्ये. सगळं ऐकून त्यांनी डोक्यालाच हात लावला. आधी बद्रीनाथवर चिडल्या, मग स्वतःवर. मग दोघांनी मिळून जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले, एकाचे पाच करा म्हणून. काहींनी फोन उचलला नाही. काहींना पासवर्ड आठवेना. बीडचा एक जण वैतागून म्हणाला, "आधी एक द्या म्हणता, आता पाच द्या म्हणता, एकदा काय ते ठरवा ना राव." तात्यासाहेब तेवढे तयार झाले. पण त्यांनी चष्मा लावून मोबाइल उघडला तोवर त्या ऑनलाइन दुकानाने बद्रीनाथचं खातंच बंद केलं होतं. गिऱ्हाइकं फार नाराज आहेत, असं कारण आलं.

प्रमोदिनीताईंनी त्या दुकानाच्या मदतीच्या नंबरवर फोन लावून बद्रीनाथच्या हातात दिला. पलीकडे कुठली तरी मुलगी होती, हिंदी बोलणारी.

"मॅडम, हमारे इधर एक नंबर मतलब सबसे बढ़िया होता है," बद्रीनाथ म्हणाला.

"मैं समझती हूँ सर," मुलगी म्हणाली, आणि तिला खरंच समजलं होतं, आवाजावरून कळत होतं. "हमारे यहाँ भी एक नंबर ही बोलते हैं. लेकिन सिस्टम में एक मतलब एक होता है, सर."

तिने न समजून घेता फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. समजूनही काही होत नाही म्हटल्यावर माणसाने पुढे कोणाकडे जायचं?

सांडूचे दिवस त्याहून वाईट गेले. जिथे खेळायला जाईल तिथे "एक स्टार आला रे" अशी हाक. दोन स्पर्धांना त्याला बोलावलंच नाही. त्याच सुमारास वाळूजचं कंत्राट तुटलं. तो शेडच्या पायरीवर येऊन नुसता बसून राहायचा. एके दिवशी त्या मोठ्या कंपनीच्या माणसाचा पुन्हा फोन आला. करार आधीपेक्षा हलका, आणि एक अट होती. त्या बॅटबद्दल माझी चूक झाली, असं मोबाइलवर येऊन बोलायचं.

"म्या तसं नाय म्हणणार, मामा," सांडू म्हणाला.

"येडा का तू?" बद्रीनाथ कधी नव्हे ते त्याच्यावर ओरडला. "म्हण. माझ्यापायी तुझं कशाला वाटोळं? माझं जे व्हायचं ते झालं." सांडू मान खाली घालून रडला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणून आला. बद्रीनाथने ते बघितलं नाही. टायरवाल्याने बघितलं आणि त्याला सांगितलं, की पोरगा बोलताना कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

दिवाळी आली. द्वारकाने आठवण करून दिली नाही. लक्ष्मीपूजनाला तिने दरवर्षीप्रमाणे रंधा आणि कानस पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. पाडव्याला बद्रीनाथ स्वतःच काकासाहेबाकडे गेला. काकासाहेबाने टोमणा मारला नाही, चहा पाजला. त्यानेच बद्रीनाथला जास्त लागलं.

वाळूजच्या यार्डात दिवसभर खिळे ठोकण्याचा आवाज. लाकूड हलकं, गाठी असलेलं, ओलसर. ते कानाशी धरायचं काही कारण नव्हतं. पहिले काही दिवस बद्रीनाथ सवयीने फळीच्या कडा हाताने चाचपायचा, कुसळ लागलं तर थांबायचा. मुकादम ओरडला, "ओ दाजी, खोकं हाये ते, त्येला कोण गोंजारणार हाये?" तो ठेकेदाराचा दाजी म्हणून यार्डात सगळ्यांचाच दाजी झाला होता. 'बद्री' हे नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं.

हिवाळ्यात एकदा सांडू मोटारसायकलवर यार्डात आला. नव्या कंपनीचा चकचकीत टी-शर्ट अंगात, हातात नवी बॅट, तिच्यावर मोठा लाल स्टिकर. जेवणाची सुट्टी होती. तो बद्रीनाथशेजारी खोक्यावर बसला.

"मामा, हिच्यानं खेळता येत नाय मला. चेंडू बसतच नाय. पुढच्या महिन्यात पुन्हा फायनल हाये. तितं बी नाय खेळलो तर हे लोक सोडून देतील."

बद्रीनाथने बॅट हातात घेतली, पेराने वाजवली आणि परत दिली. म्हणाला, "एक फळी ऱ्हायली हाये माझ्याकडं."

घराच्या मागच्या अंगणात, चार रविवार खपून, त्याने ती बॅट केली. द्वारका दारात बसून बघत राहिली. मोगरीचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिने बोलून दाखवलं नाही. बॅट पुरी झाल्यावर सांडू न्यायला आला. खांद्यावरून बोट फिरवत म्हणाला, "डाग नाय दिला, मामा?"

"तितं स्टिकर येणार ना," बद्रीनाथ म्हणाला. आणि सांडूने आणलेला लाल स्टिकर त्यानेच ओल्या फडक्याने पुसून, एक बुडबुडा न राहू देता, सरळ रेषेत चिकटवून दिला. कामाची सवय. वाकडं चिकटवणं त्याला जमलंच नसतं.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी सांडू पुन्हा यार्डात आला, पेढे घेऊन. सामना जिंकला होता, करार वाढला होता. मोबाइलवर त्या लाल स्टिकरच्या बॅटखाली लोक चांदण्यांचा पाऊस पाडत होते, पाच, पाच, पाच. हे सगळं सांगताना सांडूची नजर खाली होती. पेढा हातात घेऊन बद्रीनाथने विचारलं, "काय इचारलं का माईकवर?"

"इचारलं. बॅट कशी हाये म्हणले."

"मंग?"

"मंग काय, मामा." सांडूने पेढ्यांचा पुडा बंद केला. "खोटं कसं बोलू? म्हणलो, एक नंबर हाये."

बद्रीनाथने पेढा तोंडात टाकला, हात पँटला पुसले आणि हातोडी उचलली.

"पाच म्हणायचं रे," तो म्हणाला.